बांधावरचा जीवखडा

तात्याबा मुकादम ही गोष्ट ऊसतोड टोळीतल्या पोरांना अंधार पडल्यावर सांगतात. "माझ्या वळखीचा एक मुकादम होता," अशी सुरुवात करतात. तो मुकादम म्हणजे ते स्वतः, आणि गोष्टीतला भाऊ मी. मीही पोरांत बसून ऐकतो.

त्या साली दुष्काळात आमच्याकडच्या सहकारी कारखान्याचं धुराडं पेटलंच नाही. टोळी ऊस तोडायला तामिळनाडूत गेली. तिथं माझी अक्का, भिवरा, तापानं गेली. पाणी मागत गेली. तिला कोरड्या तलावाच्या बांधावर जाळलं. निघायच्या घाईत जीवखडा तिथंच लिंबाखाली राहिला. दहाव्याला जो खडा पुजून पाण्यात सोडायचा, तोच राहिला. गावाकडं पिंडाला कावळा शिवला नाही. आईचं जेवण तुटलं.

"दुसऱ्या साली भाऊ संगं आला," तात्याबा सांगतात. "लई तापट. म्हणला, खडा नेणार, अक्काला सोडवणार. तिथला ट्रॅक्टरवाला मोडक्या हिंदीत म्हणला, नेऊ नका. ती बाई गेली अन् आमची लेकरं तापानं फणफणली. आमी दगडाला पाणी घातलं, ताप उतरला. आता ती आमची अम्मन हाय, गावची देवी."

"मग?"

"फाल्गुनातली आवस. रातचे अकरा. आमी दोघं बांधावर गेलतो... म्हंजे ते दोघं."

तात्याबा विडीचा झुरका घेतात.

"खडा दिसला. हळद फासलेला. लुगड्याचा तुकडा नेसवलेला. पोरानं धरला. मुठीएवढा खडा... हलंना."

"मग?"

"पोरगं रडलं. म्हणलं, अक्के, आई जेवत न्हाई गं. घरी चल..."

तात्याबा विडी विझवतात.

"आवाज आला. भिवराचाच. पर बोली... तिथली."

"भूत मद्राशी बोललं व्हय?" पोरांतला गहिनीनाथ म्हणतो.

"गप बे," दुसरा पोरगा त्याला दटावतो.

"काय म्हणली?"

"न्हाई कळलं रे. तिच्या भावालाबी... न्हाई कळलं."

इथं तात्याबा थांबतात. तेव्हा ते पळाले होते. पुढचं मी कुणाला सांगितलं नाही.

मी खडा ओढत राहिलो. नखं तुटली. अक्के म्हणालो. पुन्हा म्हणालो. मग काही आठवत नाही.

उजाडलं. खडा जागच्या जागी. माझ्या उजव्या मनगटाला हळदीचा दोरा. घट्ट बांधलेला. ओला.

वर्ष झालं. आई रोज तो दोरा बोटानं चाचपते.

अजून ओलाच आहे.