उलट्या गिअरची चढण

कळव्याच्या पुलावर, अगदी मधोमध, भाऊंच्या म्हाताऱ्या मॉरिसने मान टाकली. तिला तरी दोष काय द्यायचा? डॉक्टर ओगल्यांना, म्हणजे भाऊंना, डोंबिवलीच्या आसपासच्या खेड्यापाड्यांतून हिंडवता हिंडवता बिचारीची हाडं खिळखिळी झाली होती. डॉक्टरांची लेक प्रमोदिनी खाली उतरली, पदर खोचला आणि बॉनेट उघडून आत डोकावली. एवढ्यात मागे एक लांबुडकी काळी गाडी येऊन थांबली. तिचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला.

"वाजवा की अजून," वर न बघताच प्रमोदिनी म्हणाली. "हॉर्न ऐकून मेलेली इंजिनं उठतात म्हणे."

हॉर्न थांबला. काळ्या गाडीतून एक उंच, सावळा तरुण उतरला. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

"ड्रायव्हर कुठे गेला तुमचा?"

"त्याच्याशीच बोलताय तुम्ही."

तो गोंधळला, आणि मग इतकं मनमोकळं हसला की प्रमोदिनीला राग धरून ठेवणं जड गेलं. मागच्या सीटवर बसलेल्या भाऊंनीही मिशीतल्या मिशीत हसून घेतलं. तरुणाचं नाव मधुकर केतकर. ठाण्यात एका मोटारींच्या दुकानात तो गाड्या विकायचं काम करी. त्याने दोर काढला, मॉरिस आपल्या गाडीला बांधली आणि ठाण्यापर्यंत ओढत नेली. सगळ्या वाटेत प्रमोदिनीची नजर एकाच गोष्टीवर होती. कुणाला वाटेल त्या तरुणाच्या मानेवर... छे, छे. त्या काळ्या गाडीच्या पुढच्या चाकांवर.

"हिला जोर पुढच्या चाकांचा आहे ना?" दुकानापाशी उतरताच तिने विचारलं.

मधुकरच्या भुवया वर गेल्या. आजवर बायकांनी त्याला गाडीच्या रंगाबद्दल विचारलं होतं, गादीच्या कापडाबद्दल विचारलं होतं. चाकांबद्दल हा पहिलाच प्रश्न.

"फ्रेंच गाडी आहे. त्यांचं सगळंच उलटं," तो म्हणाला. "फोर्टातला एक साहेब परत जाताना विकून गेला. तुम्ही ही नवी इंग्लिश गाडी बघा. जोर मागच्या चाकांना, जसा असायला हवा."

"असायला हवा, हे कुणी ठरवलं? बैल गाडीच्या पुढे जुंपतात की मागे?"

"आणि चढावर बैल थकले की माणसं कुठून रेटतात? मागूनच ना?"

"बैल चांगला असला की रेटावं लागत नाही."

असा सामना रंगला तो थांबेचना. ही म्हणे, फ्रेंच गाडी जमिनीला धरून वळते. तो म्हणे, तिचा गिअर बघा, समोरच्या घड्याळांच्या फळीतून काठी बाहेर यावी तसा. ही म्हणे, तिच्या तळाला मध्ये उंचवटा नाही, आजारी माणसाला पाय पसरता येतील. शेवटी भाऊंनीच घड्याळ दाखवलं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं.

तिथून भाऊ बाहेर आले ते मान खाली घालूनच. यापुढे स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असं निक्षून सांगितलं होतं त्यांना.

"नवी गाडी घ्यायची तर ड्रायव्हरही ठेवायला हवा," रात्री जेवताना ते म्हणाले.

प्रमोदिनीचा घास हातातच राहिला. भाऊंनीच तिला गाडी शिकवली होती. त्यांच्याबरोबर व्हिजिटला जायचं, वाट काढायची, यापलीकडे तिला जगात काही नको होतं. आणि आता त्या जागी कुणी तिऱ्हाईत येऊन बसणार?

"मी आहे की, भाऊ."

"दिवसा, सपाट रस्त्याला ठीक आहे गं, पमे. पण खिंडीवरच्या पाड्याचा चढ? भले भले ड्रायव्हर तिथे हात टेकतात."

"मी निवडीन ती गाडी मी चढवून दाखवली तर?"

भाऊंनी ताट बाजूला सारलं. "तर किल्ली तुझी," ते म्हणाले. "नाही चढली तर ड्रायव्हर येईल, आणि पुन्हा हा विषय नाही. कबूल?"

"कबूल."

तिने निवडली ती फ्रेंच गाडी. परीक्षा होईपर्यंत ती चाचणीपुरती भाऊंच्या दारात येऊन राहिली. आणि काय गंमत, त्या दिवसापासून मधुकरच्या डोंबिवलीला फेऱ्या सुरू झाल्या. कधी टायरची हवा बघायला, कधी तेल बघायला. एकदा तर गाडीचे दिवे लागतात का हे बघायला तो भर दुपारी आला. प्रमोदिनीच्या आईने त्याच्यापुढे थालीपीठ ठेवलं आणि लेकीकडे असं काही पाहिलं की ती पाणी आणायच्या निमित्ताने आत पळाली.

"इंग्लिश गाडीचं अजून सांगायचं राहिलंय मला," जाताना तो हळूच म्हणाला.

"मग सगळं एकदम सांगू नका. थोडं पुढच्या खेपेला ठेवा."

त्या रात्री प्रमोदिनीला कितीतरी वेळ झोप लागली नाही. आवडला होता तो तिला. उगाच खोटं कशाला बोला.

एका सकाळी त्याला शेजारी बसवून तिने पाड्याचा चढ करून पाहिला. गाडी सरसर वर गेली. "मी हरलो," मधुकर म्हणाला, आणि हरल्याचं त्याला काडीचं दुःख झालेलं दिसेना.

परीक्षेचा दिवस उजाडला. गणपती नुकतेच गेले होते. रात्री मोठी सर येऊन गेल्यामुळे तांबडी वाट निसरडी झाली होती. भाऊ मागे, मधुकर पुढे, प्रमोदिनी स्टिअरिंगवर. पाड्यावर जायच्या आधी टेकडीच्या पायथ्याच्या गावात एक व्हिजिट होती, हौसाबाईकडे. सून बाळंतीण होती. भाऊ तपासून बाहेर आले, तोवर सगळं गाव गाडीभोवती जमलेलं.

डॉक्टरांना रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, ही त्या गावची रीत. मॉरिसच्या वेळी चार काकड्यांवर भागत असे, कारण तिच्यात जागाच नव्हती. आज हौसाबाईने डिकी उघडून बघितली आणि कमरेवर हात ठेवला.

"एवरी मोटी गारी हाय, डाक्टर, मंग रिकामी कनाला नेताव?"

झालं. तांदळाचं पोतं आलं. भोपळे आले. कुणी नारळ आणले, कुणी काकड्यांची पाटी आत रिकामी केली. प्रमोदिनीही हसत हसत भोपळे लावत राहिली, आणि गाडीचा मागचा भाग खाली बसत चाललाय हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

चढ लागला. गाडी निम्म्यावर गेली आणि पुढची चाकं नुसतीच गरगर फिरू लागली. चिखलाच्या चिळकांड्या उडाल्या. गाडी जागची हलेना. तिने क्लच सोडून पाहिला, सावकाश, आणखी सावकाश. गाडी उलट हातभर खाली घसरली. तिने करकचून ब्रेक लावला.

गावची माणसं मागोमाग येऊन ठेपली होती. भाऊंनी चष्मा काढून पुसायला घेतला. एखादी गोष्ट हातची गेली की ते असंच करत. प्रमोदिनीला ते चांगलं ठाऊक होतं.

"मी घेऊ का?" मधुकरने हळूच विचारलं.

"नको." तिने स्टिअरिंग घट्ट धरलं. "तुमची इंग्लिश गाडी खपेल आता. व्हा खूश."

"प्रमोदिनी," तो पहिल्यांदाच तिला नावाने हाक मारत म्हणाला, "मला ती गाडी खपवायची नाहीये. तुम्हाला ही किल्ली मिळायला हवी आहे."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि विचार केला. रिकामी गाडी चढली, भरलेली अडली. चढावर भार मागे जातो, त्यात मागे पोतं, भोपळे आणि भाऊ. पुढची चाकं हलकी झालीत, आणि जोर तर त्यांनाच. मग चाकांवर भार यायला हवा. ती चाकं उताराच्या बाजूला आली तर...

"भाऊ, पुढे येऊन बसा. सामान काढायचं नाही, माणसांनी प्रेमाने दिलंय," ती म्हणाली. "आणि केतकर, तुम्ही उतरा. मी गाडी खाली नेऊन फिरवते. मग बॉनेटवर बसायचं, काचेच्या कडेला घट्ट धरून."

"मी? बॉनेटवर?"

"वजन किती तुमचं?"

"भरपूर आहे."

"मग बसा."

तिने गाडी पायथ्याशी नेली, तोंड खाली आणि पाठ डोंगराकडे करून उभी केली. मधुकर बॉनेटवर चढून, काचेकडे तोंड करून बसला. तिने मान वळवून मागची वाट पाहिली आणि उलटा गिअर टाकला. गाडी निघाली... पाठीने, संथ, एकही हिसका न देता. निम्म्यावर पुन्हा तोच चिखल आला. चाकं जराशी फिरली, मग त्यांनी जमीन पकडली आणि गाडी वर सरकली. खालची पोरंटोरं ओरडत धावू लागली. हौसाबाई दोन्ही हात वर करून हसत होती. प्रमोदिनीचं सगळं लक्ष मागे वाटेवर होतं. काचेपलीकडच्या माणसाचं लक्ष मात्र वाटेवर मुळीच नव्हतं, हे तिला न बघताही कळत होतं आणि कान गरम होत होते.

शेवटचं वळण, शेवटचा धोंडा, आणि गाडी माथ्यावर. तिने ब्रेक ओढला आणि वळून समोर पाहिलं. मधुकर डोक्यापासून पायापर्यंत तांबडा झाला होता. फक्त दात पांढरे. ती हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जिंकली होती ती, स्वतःच्या अकलेने जिंकली होती.

पाड्यावरचा एक म्हातारा काठी टेकत पुढे आला. "डाक्टर, ही गारी हाकनारी कोन वो?"

"माझी मुलगी," भाऊ म्हणाले. "यापुढे तीच आणील मला." त्यांनी किल्ली फिरवून काढली आणि सगळ्यांसमोर तिच्या हातावर ठेवली.

व्हिजिट आटोपून निघताना भाऊ आपणहून मागे जाऊन बसले. पुढे अवघडल्यासारखं होतं म्हणे. गाडी निघायच्या आतच त्यांनी डोळे मिटले. मधुकर रुमालाने तोंड पुसत प्रमोदिनीशेजारी बसला. गाडी उतार उतरून सपाट रस्त्याला लागली.

"गाडी तर विकली गेली," तो म्हणाला. "आता डोंबिवलीला यायला काही निमित्त उरलं नाही."

"निमित्त कशाला हवं?"

"तसंच आलो तर लोक काय म्हणतील?"

तिने वळण घेतलं, गिअर बदलला. आज ती कशालाच भ्यायची नव्हती.

"तसंच नका येऊ," ती म्हणाली. "आईवडिलांना घेऊन या."

मधुकरने तिच्याकडे पाहिलं. "गाडीच्या... कागदांसाठी?"

"नाही."

त्याने जोरजोरात मान हलवली, आणि त्याच्या चिखलाने माखलेल्या चेहऱ्यावरचा आनंद बघून प्रमोदिनीला गाडी बाजूला घ्यावीशी वाटली. पण तिने ती घेतली नाही, नीट चालवत राहिली.

मागून भाऊंचा आवाज आला. डोळे अजून मिटलेलेच होते.

"रविवारी आणा. मी घरी असतो."