सर्व कामगार सुखरूप

हे खरं घडलंय. टीव्हीवर खाली सरकणारी बातम्यांची पट्टी मीच टाईप करायचे, म्हणून सांगू शकते.

बोईसर. आमच्या केबल न्यूज चॅनेलचं ऑफिस. मंगळवार, दुपारचे चार.

पण आधी मार्चमधलं सांगते.

तारापूरला एका कारखान्यात आग लागली होती. आमचा बातमीदार आणि निवेदक धर्मेश गेटवरून फोनवर म्हणाला, "मॅनेजर बोलला, सगळे बाहेर. टाक पटकन, नाहीतर दुसरे टाकतील."

मी टाकलं.

ब्रेकिंग : सर्व कामगार सुखरूप

पाच मिनिटांत मासवण गावाहून जिवल्या नावाच्या माणसाचा फोन.

"ताई, माझी बायको आत हाय. जिवली. कंत्राटातली, रजिस्टरात नाव नाय तिचं."

"दादा, टीव्ही बघा. सगळे बाहेर आलेत."

त्याने विश्वास ठेवला. सगळ्यांनीच ठेवला. शोध थांबला.

दुसऱ्या दिवशी ती सापडली... दाराला आतून टेकून. बोटांना नखं नव्हती.

आम्ही चूक दुरुस्त केली नाही.

तर, मंगळवार.

धर्मेश स्टुडिओत चारच्या बातम्या वाचत होता. साउंडप्रूफ खोली, दार बंद. बाहेर मॉनिटरसमोर मी आणि माझी सहकारी अपेक्षा.

पट्टीवर एक ओळ सरकली...

आत एक जण हाय

"हाय?" अपेक्षा हसली. "कुठल्या पाड्यावरून आलीस गं?"

मी टाईप केलं नव्हतं. पुसलं.

आत एक जण हाय

मग जळक्या प्लास्टिकचा वास...

"आत बघून येऊ?" अपेक्षाने विचारलं.

मॉनिटरवर धर्मेश शांतपणे वाचत होता. भांगसुद्धा विस्कटला नव्हता.

"कशाला? दिसतोय ना," मीच म्हणाले.

पट्टी बदलली.

ब्रेकिंग : सर्व सुखरूप

सव्वाचार. साडेचार. तो थांबेना... तीच बातमी, पुन्हा पुन्हा.

आम्ही धावलो. कडीचा चटका बसला. दार जड लागलं...

धर्मेश आतून दाराला टेकून बसला होता.

आत काहीच जळालं नव्हतं. तरी डॉक्टर म्हणाले, छातीत धूर भरलाय. चारच्या आधीच गेलाय.

मागे मॉनिटरवर तो अजून वाचत होता.

मी नोकरी सोडली. पाम गावात भावाकडे राहते. माझ्या खोलीत टीव्ही नाही.

मघाशी जिवल्याचा फोन आला. आवाज अगदी थंड.

"काय नाय ताई, सहज केला. तुमी सुखरूप हाय, असं आता टीव्हीवर आलं..."

हे लिहितेय, तेव्हा खोलीचं दार बंद आहे.

मी ते अजून उघडून पाहिलेलं नाही.