अठरा गाणी आणि अर्धा सेकंद

"हा बेस गिटारवाला कोण गाढव आहे? प्रत्येक कडव्यात आपला आधीच घुसतोय!" हेडफोन काढता काढता ती करवादली. स्टुडिओत आपण एकटेच आहोत अशी तिची समजूत.

"तो गाढव मीच," दारातून आवाज आला. वळून पाहते तर एक उंच दाढीवाला, हातात जुन्या टेपांचं खोकं! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मात्र खुशाल हसत होता.

येशूची गाणी रॉकमध्ये वाजवणारा त्याचा बँड. चर्चच्या मागच्या खोलीत सुरू झालेला, आणि आता पंधरा वर्षांतली निवडक अठरा गाणी एका अल्बममध्ये येणार होती. जुन्या टेपांची खरखर काढायची, आवाज एका पातळीवर आणायचा, दोन गाण्यांच्या मध्ये किती शांतता ठेवायची ते ठरवायचं, हे सगळं तिचं काम. दहा दिवसांत तिनं ते हातावेगळं केलं, आणि ऐकायला एक प्रत घेऊन दाढी (मनातल्या मनात तिनं त्याचं हेच नाव ठेवलं होतं) गेला.

दुसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा हजर.

"सातव्या आणि आठव्याच्या मध्ये... अर्धा सेकंद वाढवूया?"

वाढवला. तर तिसऱ्या दिवशी — "जरा जास्तच झाला, नाही?"

"अहो, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"होतं... इथे येईपर्यंत."

ती फणकारली खरी, पण हसू लपवायला तिला तोंड फिरवावं लागलं. खरं सांगायचं तर काम लांबतंय याचं तिलाही मनातून बरंच वाटत होतं. एकदा अल्बम गेला की हा कशाला येतोय इकडे?

आठव्या दिवशी, दाढी समोर बसलेला असतानाच, बँडच्या गायिकेचा फोन आला. ती दाढीची मोठी बहीण.

"अगं, काय सुरेख झालाय अल्बम! आत्ताच छापून आल्या बघ प्रती."

"छापून? पण ताई, सातव्या-आठव्याचं अजून..."

"कसलं सातवं-आठवं? तू दिलेली प्रत आम्हाला इतकी आवडली, की तशीच छापायला पाठवून दिली. आठवडा झाला! आमच्या बंधुराजांनी सांगितलं नाही तुला?"

तिनं फोन ठेवला. दाढीचे कान लालबुंद झाले होते.

"आठ दिवस मी छापायला गेलेल्या गाण्यांशी झटापट करतेय?"

"चुकलो. पण सांगितलं असतं तर... यायचं कसं? तुम्ही मला आवडता. फार आवडता. रोज गुडघे टेकून देवाकडे तुमचा होकार मागतोय."

तिनं चिडायचा खूप प्रयत्न केला. पण छे! इतका आनंद झाला होता की राग जिभेवर येईच ना.

"देवाकडे काय मागत बसलात? होकार तर माझ्याकडे होता!"

"मग... देता?"

"घे," ती म्हणाली, आणि त्यांचं अहो-जाहो तिथेच संपलं.