पंखा बंद केल्यावर

घर बदलायचं कारण अगदी साधं होतं. हॉर्न.

मी शाळेच्या मुलांसाठी धडे वाचून ध्वनिमुद्रित करते. काम पुण्याच्या एका कंपनीचं. एक माइक, एक लॅपटॉप आणि शांत खोली एवढ्यावर चालतं. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या माझ्या खोलीत ती शांतताच नव्हती. म्हणून मार्चमध्ये मी विजापूर रस्त्याच्या पलीकडं, मोकळ्या प्लॉटांमध्ये एकटंच उभं असलेलं एक बैठं घर भाड्यानं घेतलं. मालक शिवयोगी, पन्नाशीचे, दुधनीला राहायचे. त्यांची आई ईरम्मा शेवटपर्यंत त्या घरात राहिली आणि दिवाळीच्या सुमारास गेली.

माझ्याबरोबर दोघं होते. डांबर, काळा कुत्रा, पिल्लू असताना पायांना डांबर माखलेला सापडला होता म्हणून ते नाव. आणि जिलबी, पिवळ्या पट्ट्यांची मांजर.

सोलापूरचा मे तुम्हाला माहीत आहे. पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो, म्हणून वाचताना पंखा बंद करावा लागे. खिडक्या लावून त्यांवर चादरी टांगायच्या, डोक्यावर ओला टॉवेल घ्यायचा. दुपारी एक ते तीन ही माझी कामाची वेळ. त्या वेळी बाहेर माणूस तर सोडाच, कावळासुद्धा ओरडत नसे. दोघं माझ्या पायाशी फरशीवर पसरलेले असत आणि मी बियाणं कसं रुजतं ते वाचत असे.

एके दिवशी ऋतुजाचा फोन आला. आमची ध्वनिमुद्रणं तीच तपासते.

"धम्मप्रिया, तुझ्याकडं आजी आल्यात का गं?"

"नाही. का?"

"मागून कुणीतरी बोलावतंय. अगदी हळू आहे, पण येतंय ऐकू. दार लावून घेत जा ना."

दार लावलेलंच होतं. सगळ्यांत जवळचं घर दोन प्लॉट सोडून, तेही अर्धवट बांधलेलं.

मी हेडफोन लावून ऐकलं. माझा आवाज, दोन वाक्यांमधला छोटासा विराम, आणि त्या विरामात...

"बा... इल्ली बा..."

शाळेत अक्कलकोटची एक मैत्रीण होती, त्यामुळं एवढी कानडी मला कळते. ये... इकडं ये. लेकराला मांडीवर बोलवावं तसा मऊ आवाज. पाठोपाठ फरशीवर नखांची टकटक, लांब जाणारी. मी धडा वाचत असताना डांबर उठून गेला होता, आणि मला पत्ताच नव्हता.

आधीची सगळी ध्वनिमुद्रणं काढून ऐकली. एप्रिलमधली हाक भिंतीपलीकडून आल्यासारखी होती. आता ती खोलीत होती.

दुसऱ्या दिवशी जिलबी दिसली नाही. हाका मारल्या, दुधाची वाटी वाजवली, प्लॉट पालथे घातले. तिसऱ्या दिवशी नळाला पाणी येणार होतं, म्हणून मागच्या अंगणातल्या हौदाचं झाकण उघडलं. जाड लोखंडी पत्रा. मला दोन्ही हातांनी उचलावा लागतो. ती आत तरंगत होती.

झाकण घट्ट लावलेलं होतं. मीच आत्ता उघडलं होतं.

कुंपणाशी खड्डा खणून तिला पुरलं. डांबर त्या खड्ड्याकडं फिरकला नाही. तो झाकणाजवळ बसून राहिला, शेपूट हलवत.

भूत-बित मानायला मला घरात कुणी शिकवलेलं नाही. बाबा असते तर हसले असते. तरी त्या संध्याकाळी बुद्धांच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावली, त्रिसरण म्हटलं, आणि रिकाम्या स्वयंपाकघरात उभं राहून बोलले, "ईरम्मा आजी, तुम्ही एकट्या आहात, कळतं मला. पण ह्याला नका नेऊ. ह्याच्याशिवाय माझ्यासोबत इथं कुणी नाही."

तेव्हाच निघायला हवं होतं. पण दोन धडे उरले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाचतानाच हेडफोन कानाला लावले. माइकला जे ऐकू येतं, ते त्याच क्षणी मलाही यावं म्हणून. पंखा बंद केला. दोन ओळी झाल्या. तिसरीला थांबले, आणि उजव्या कानाला लागूनच...

"बा..."

वळून पाहिलं. कुणी नाही. फक्त कुबट, ओला वास. डांबर उठला होता. शेपूट हलवत, मान वर करून, कुणाच्या तरी हाताकडं बघत निघावं तसा मागच्या दाराकडं चालला होता.

"डांबर! थांब!"

त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. हेडफोनमध्ये पत्रा घासल्याचा आवाज आला. मी हेडफोन उपसले, तर सगळं शांत. परत लावायला थांबले नाही. धावले. कडी लावलेलं मागचं दार सताड उघडं होतं.

झाकण हातभर सरकलेलं होतं. त्या फटीतून डांबरचं डोकं आणि पुढचे पाय आत गेले होते. मी मागचे पाय धरून ओढलं. तो धडपडत नव्हता, केकाटत नव्हता. पण त्याचं वजन... माझ्याच्यानं ते पेलवेना. आतून कुणीतरी ओढत होतं. पत्र्यावर माझी कोपरं सोलून निघाली. मग एकाएकी ओढ सुटली आणि आम्ही दोघं उताणे पडलो.

जिलबी सापडल्यापासून हौद भरलाच नव्हता, पाणी तळाशी होतं. तरी त्याची मान ओलीचिंब होती.

माझ्या मोठ्या भावाला, नवनाथदादाला फोन केला. तो मोहोळहून गाडी घेऊन आला तोवर मी डांबरला कवटाळून रस्त्यावर, उन्हात बसले होते. सामानातलं काहीच उचललं नाही.

दुसऱ्या दिवशी दादाच्या घरून शिवयोगींना फोन लावला.

"घर सोडते मी. तुमच्या आई अजून तिथंच आहेत. दुपारी हाका मारतात... इल्ली बा म्हणून."



"ताई," ते म्हणाले, "आई जन्माची मुकी होती. एक शब्द कधी बोलली न्हाई. ऐकू मात्र समदं यायचं तिला."

मी डांबरला जवळ ओढलं.

"रोज दुपारी जेवणं झाली की कुत्र्याला खाटंला बांधायची. मांजरावर टोपली पालथी घालायची. का करतीस म्हणून विचारलं तर नुसते हातवारे. आमाला काय कळायचं न्हाई. येडी म्हणायचो तिला."

"आणि..."

"मी लहान होतो तवा मलाबी बांधायची. लुगड्याचं फडकं कमरंला, दुसरं टोक खाटंला. सोडवायला गेलो की रडायची लई."

त्यांचा आवाज खाली गेला.

"धाकटा भाऊ होता मला. एके दिवशी तापानं फणफणला होता. ग्लानीत हाय, हा कशाला उठतोय म्हणून त्या दुपारी आईनं त्याला बांधलं न्हाई."