छत्तीस माणसांचा एक नंबर

लुंबिनी नेपाळात आहे आणि नेपाळात आपला फोन चालत नाही, हे बोरगाव मेघेच्या यात्रेकरूंना निघायच्या आठवडाभर आधी उमगलं. मग सगळे रुपेश थूलच्या दारी आले. रुपेश टेलिफोन खात्यातला लाइनमन. फोनच्या बाबतीत त्याच्या शब्दाला वस्तीत मान होता, आणि काटकसरीत तर त्याचा हात कोणी धरू शकत नसे. त्याने तिथल्या तिथे निकाल लावला. रोमिंग घेतलं तर खिसा फाटणार. प्रत्येकाने तिकडचं सिम घ्यायचं तर छत्तीस फोटो, छत्तीस ओळखपत्रं आणि सीमेवर अर्धा दिवस रांगेत. त्यापेक्षा अख्ख्या गाडीला एकच नेपाळी सिम घ्या, सगळ्यांच्या घरी तोच नंबर देऊन ठेवा. पॅकही महिन्याचं कशाला? तिकडे मुक्काम तीन दिवसांचा, सात दिवसांचं स्वस्तातलं पुरे. लोक खूश झाले. रुपेश स्वतःवर जरा जास्तच खूश झाला.

त्याला रजा नव्हती, म्हणून बायको मेघा एकटीच गेली. सिम मंगळवारी संध्याकाळी सहाला सुरू झालं. फोन रामाजी नगराळ्यांकडे होता. हे आर्वी डेपोचे निवृत्त कंडक्टर. फोन उचलला की नाव विचारायचे नाहीत, सीट नंबर विचारायचे. रुपेश चौदा म्हणायचा आणि मेघा यायची. तीन दिवस असं छान चाललं. रविवारी दुपारी गाडी परत आली, सगळे सुखरूप उतरले, पेढे वाटून झाले.

सोमवारी सकाळी मेघाला आठवलं की तिची शाल गाडीतच राहिली. रामाजींना विचारावं म्हणून रुपेशने सवयीने यादीतला वरचा नंबर दाबला, आणि तो नेपाळचा आहे हे रिंग गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. तेवढ्यात फोन उचलला गेला. गाडीची घरघर ऐकू आली. मागे कोणीतरी हळू आवाजात वंदना म्हणत होतं.

"सीट नंबर सांगा," रामाजी म्हणाले.

म्हातारा थट्टा करतोय असं वाटून रुपेशही हसत चौदा म्हणाला.

"थांबा, देतो."

मग मेघा बोलली. "कवाची वाट पाहून राह्यली मी तुमच्या फोनची. रस्ताच सरून नाई राह्यला."

अंगणात टाकीपाशी बसून मेघा मेथी निवडत होती. तिच्याजवळ फोन नव्हता. तिचे ओठ हलत नव्हते.

रुपेशने फोन कापला आणि तो तडक रामाजींकडे गेला. ते घरीच होते, दाढी करत बसले होते. सिम त्यांनी परतताना सीमेवर, सोनौलीलाच काढून ठेवलं होतं. पाकिटातून कागदाची पुडी काढून त्यांनी ते दाखवलं. वीस वर्षं तारा जोडलेल्या माणसाने डोक्यात सगळ्या शक्यता तपासून पाहिल्या. एकही टिकली नाही.

दुपारी त्याने घराबाहेर जाऊन पुन्हा तो नंबर लावला. पुन्हा सीट नंबर, पुन्हा मेघा. बाहेर काय दिसतं, त्याने विचारलं.

"कपाशीची वावरं. मंघा गिरडची टेकडी दिसली. ड्रायव्हर म्हणे, आता घंट्याभरात घरी. मंग अजून तेच टेकडी दिसली. चारदा झालं हे." तिचा आवाज रडवेला झाला. "तुम्ही याना घ्याले."

रुपेशने मोटरसायकल काढली. गिरडच्या रस्त्यावर तो दिवस कलेपर्यंत उभा राहिला. कापसाचे ट्रॅक्टर गेले, एसटी गेल्या, टेकडीवरच्या दर्ग्याहून परतणारे लोक गेले. ती गाडी आली नाही. तो घरी पोचला तेव्हा मेघाने पाणी तापवून ठेवलं होतं. एवढा वेळ कुठे होता, असं तिने विचारलं नाही.

तो तिला न्याहाळत राहिला. मनगटावरचा तेलाने भाजल्याचा डाग जागच्या जागी होता. भाजीचं मीठ तेच, चालणं तेच. एखादी खोट सापडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला मनापासून वाटलं. गाडीतल्या बाईसाठी त्याचा जीव तुटत होता, आणि आजवर जिच्यापाशी सगळं बोलला तिलाच हे सांगायची सोय नव्हती.

मंगळवारी सकाळपासून नंबर बिझी लागू लागला. मुदत संध्याकाळी सहापर्यंत. इथून रिचार्ज होत नव्हता. सगळ्या खटपटी करून झाल्या. महिन्याचं पॅक घ्या एवढं एक वाक्य तो त्या दिवशी बोलला असता तर आणखी तीन आठवडे हाती राहिले असते.

दुपारी तो मोकळ्या प्लॉटकडे गेला. तिथे निकेश उभा होता, कानाला फोन लावून. निकेशची आई जिजाबाई यात्रेला गेली होती आणि परत आली होती. येताना रुपेशने तिला ओट्यावर ज्वारी पाखडताना पाहिलं होतं. पलीकडे गच्चीवर वर्षाली उभी होती, तिचे वडीलही त्याच गाडीने परतले होते. नालीच्या पुलावर आणखी दोघं. सगळे आपापल्या घराकडे पाठ करून नंबर लावत होते.

निकेशने खालच्या आवाजात विचारलं, "लागून राह्यला का?"

"नाई."

निकेश पुन्हा नंबर दाबू लागला.

घरी येऊन रुपेश पुढच्या खोलीत बसला. सहाला दहा मिनिटं असताना रिंग गेली.

"सीट नंबर सांगा."

"चौदा. लवकर द्या, रामाजी."

वेळ गेला. गाडीत आता कोणी वंदना म्हणत नव्हतं.

"अहो," मेघा म्हणाली, "इथं अंधार पडला."

खिडकीबाहेर लख्ख ऊन नव्हतं, पण उजेड होता.

"मेघा, ऐक. हा नंबर आता बंद होते."

"मंग मी कशी बोलू तुमच्यासंग?"

आत स्वयंपाकघरात कपबशी वाजली.

ती अगदी हळू म्हणाली, "घरात कोण आहे?"

रुपेशने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"अहो, कोण आहे घरात?"

फोन बंद पडला. एक अनोळखी बाई नेपाळीत तेच तेच वाक्य सांगू लागली. रुपेशने ते दोनदा ऐकलं आणि फोन मांडीवर ठेवला.

मेघा चहा घेऊन आली. एक कप तिने त्याच्या हाती दिला, दुसरा घेऊन शेजारी बसली आणि बशीत ओतून फुंकर घालू लागली.

"काय म्हणे ती गाडीतली?" तिने विचारलं.