हरणाबाईचा दहावा

सांगलीत परदेशी जाणाऱ्यांची कागदपत्रं करावीत ती देवदत्त वकिलांनीच. तिकडं पोचल्यावर आश्रय कसा मागायचा, पुढं नागरिकत्व कसं पदरात पाडून घ्यायचं, सगळं तोंडपाठ. जिभेला हाड नव्हतं, हा एवढाच दोष. आईवर मात्र माणसाचा जीव होता. कितीही काम असो, दुपारी घरी जाऊन तिच्या पंगतीला बसायचे.

आटपाडीकडचा तानाजी त्यांच्याकडं आला तेव्हा डोक्याला टाके होते. मेंढरं चारण्यावरून गावातल्या बड्या घरानं झोडपलं होतं. वकील म्हणाले, नुसत्या माराला तिकडं कोण विचारतं? त्यांनी माझी आई मारली असं सांग. तानाजीची जीभ रेटेना. जित्या आईला मेली कसं म्हणायचं? मग वकिलांनी शक्कल काढली. कृष्णेच्या घाटावर त्याच्या आईचा, हरणाबाईचा, दहावा घालायचा, फोटो काढायचे. एकदा विधी झाला की बोलणंही जमेल.

मुंडण झालं. तानाजी पिंड ठेवायला वाकला आणि पिंड हातात असतानाच कावळा शिवला. एरवी त्याची वाट बघून माणसं हात टेकतात. न्हावी वस्तरा पुसायचा थांबला. वकील हसले. म्हणाले, खोट्या मरणानं आयुष्य वाढतं.

तानाजी परदेशी गेला. त्याला आश्रयही मिळाला.

एका दुपारी हरणाबाई कचेरीत आली. बाहेर पक्षकार दाटीनं बसले होते, त्यांच्यातनं ती आली, पण कुणी पाय आवरले नाहीत. खोलीत शिजल्या भाताचा आणि नदीच्या गाळाचा वास आला.

"गावात कुनी वळखंना," ती म्हणाली. "मेंढरं हाकंला येईनात. फोन लावला तर लेकाला माजा आवाजच जाईना. मी जिती हाय असं लिवून द्या, सायेब."

वकिलांनी समजावलं. तसं लिहिलं तर तानाजीला परत पाठवतील, आणि आपली सनद जाईल. ती ऐकत होती. पापणी लवत नव्हती.

"मग मी ऱ्हाऊ कुटं?"

"कायद्यानं तुम्ही नाहीच, बाई. नसलेल्या माणसाला जागा कुठली द्यायची?"

तिनं मान डोलावली. ती रागावली नाही असं वकिलांना वाटलं. राग होता, फक्त त्याला घाई नव्हती.

"तुमी माज्या लेकाची आई नेली," ती सावकाश म्हणाली. "आता तुमच्या आईची जागा माजी."

वकील तडक घरी आले. चारुशीला, त्यांची बायको, जेवण वाढत होती. आईच्या खुर्चीत हरणाबाई बसली होती.

"आई, तूप घ्या ना," चारुशीला तिला म्हणाली.

वकील ओरडायला गेले. काय ओरडायचं होतं तेच आठवेना.

मग भूक लागली. भाताचा वास बरा वाटला. त्यांनी हात धुतले आणि तिच्याशेजारी बसले.

फाटकाची कडी वाजली.

बाहेर उन्हात त्यांची आई उभी होती. अनवाणी, हातात पूजेची फुलं.

"देवा, मला बाहेर का रे ठेवलंस?"

वकिलांनी तिच्याकडं नीट निरखून पाहिलं.

"कोण पाहिजे, आजी?"

आत आई जेवायची थांबली होती, म्हणून कडी न काढताच ते वळले.