जानवासाच्या गाडीचे हूड

सकाळी वासुकी संतापून भरद्वाजांच्या दारात आली. तंजावूरच्या राजवाड्यामागील गल्लीत खाजगी तपासाचे काम करणारे ते एकटेच गृहस्थ होते.

"पोलिसांनी अप्पांना नेले," ती म्हणाली. "हनुमंतरावांच्या गाडीचे हूड चिरले म्हणे. ती गाडी अप्पा माझ्या जन्माआधीपासून पुसत आले. ते तिला ब्लेड लावतील काय?"

हनुमंतरावांची ती जुनी उघडी गाडी, जिचे कापडी छत म्हणजे हूड घडी करून मागे बसवता येई, साऱ्या शहराला परिचित होती. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी सुटाबुटातला नवरदेव तिच्या मागच्या आसनावर बसून मिरवत जाई. या मिरवणुकीला जानवासम म्हणत. वासुकीचा पिता सांबशिव ती गाडी चालवी. सांबशिव आहे तोवर गाडी विकली जाणार नाही, तोच ती चालवील आणि गाडीच्या शेडलगतची खोली त्याचीच राहील, असा शब्द हनुमंतरावांच्या दिवंगत वडिलांनी चारचौघांत दिला होता.

मित्र व्यंकटरमण यांस घेऊन भरद्वाज शेडमध्ये पोहोचले. कापडी हूड उभारलेले होते. त्याच्या छतावर पुढून मागपर्यंत एकच सरळ, अखंड चीर होती. कोपऱ्यात नव्या कॅनव्हासची गुंडाळी धूळ खात पडली होती.

हनुमंतराव क्रोधाने लाल झाले होते. "काल दुपारी हूड शाबूत होते. जानवासाच्या दिवशी त्याची घडी मीच करतो. वडिलांपासून परक्या हाताला ती मुभा नाही. रात्री गाडी सांबशिवानेच आणून लावली. सकाळी हूड उभारतो, तो हे असे. खोली आजच रिकामी झाली पाहिजे."

फुले बांधणाऱ्या सीतालक्ष्मीने सांगितले, की काल हूडची घडी होताच तिने त्या घडीवर मल्लीचे, म्हणजे मोगऱ्याचे, हार केळीच्या सोपटाने आवळून बांधले. सोपट सुकले की गाठ सुटत नाही. म्हणून आज सकाळी तिने हनुमंतरावांसमोर गाठी चाकूने कापल्या आणि त्यांनी लगेच हूड उभारले, तो चीर दिसली.

"गाठी माझ्याच होत्या, मामा. कुणी हात लावला नव्हता," ती भरद्वाजांना म्हणाली.

चाकूचे नाव निघताच व्यंकटरमण यांचा संशय तिच्याकडे वळला.

पोलीस ठाण्यात सांबशिव मान वर करीना. कोइमतूरचा एक गृहस्थ मध्यंतरी येऊन गाडीची मापे घेऊन गेला, एवढेच त्याने सांगितले. "मला मात्र त्याने काही विचारले नाही," तो दातओठ खात म्हणाला.

भरद्वाजांनी सर्वांना पुन्हा शेडमध्ये बोलावले.

"घडी केली की कापडाच्या चुण्या पडतात. घडीवर पाते फिरवले तर वरच्या चुण्या तेवढ्या चिरतात आणि हूड उभारल्यावर तुटक चिरा दिसतात. ही चीर अखंड आहे. अर्थात हूड उभे असताना ती मारली गेली."

"मग सीतालक्ष्मी नव्हे?" व्यंकटरमण यांनी विचारले.

"तिच्या चाकूखाली घडी होती. घडी झाल्यापासून आज सकाळपर्यंत त्या गाठी कोणी सोडल्या नाहीत. तेव्हा चीर घडीच्या आधीची. आणि घडी करणारे हात कोणाचे, हे हनुमंतरावांनी आपण होऊनच सांगितले. चिरलेले कापड त्यांनी आपल्या हातांनी दुमडले आणि ते शाबूत होते असे सांगितले."

"स्वतःच्या गाडीचे नुकसान कोण करील?" हनुमंतराव गरजले.

भरद्वाजांनी धूळ बसलेल्या कॅनव्हासच्या गुंडाळीकडे बोट केले. "ही धूळ सांगते, नवे कापड चीर पडण्याआधीच आले होते. जे हूड बदलायचेच होते, त्याचे कसले नुकसान? गाडी विकायला कोइमतूरचे गिऱ्हाईक ठरले होते. आड येत होता तो वडिलांचा शब्द. तो मोडण्यासाठी तुम्हाला एक गुन्हेगार हवा होता."

हनुमंतराव खाली बसले. "बंद काचांच्या नव्या गाड्या आल्या. नवरदेवांना आता गार हवा हवी. हे गिऱ्हाईक गेले असते तर दुसरे कुठले?"

"हे तुम्ही अप्पांना तोंडावर का सांगितले नाही?" वासुकीने विचारले. 

"हूड पाडा," भरद्वाज कडाडले. "आणि गाडी तुम्हीच हाका."

भर बाजारातून ती उघडी गाडी पोलीस ठाण्यावर गेली. तक्रार मागे घेऊन परतताना मागच्या आसनावर, जिथे आजवर केवळ नवरदेवच बसले होते, तिथे सांबशिव बसला होता. दुकानदार पायऱ्यांवर येऊन पाहत राहिले. त्याने हनुमंतरावांकडे एकदाही पाहिले नाही.

राजवाड्याच्या वळणावर मात्र गाडीचा गिअर करकरला.

"क्लच पूर्ण दाबा," सांबशिव म्हणाला. "तिने तुमचे काही बिघडवलेले नाही."